'सगळं मीच करतो' ते 'माझ्याशिवायही चालतं': चंद्रकांत पंडित यांच्याकडून धंदेवाल्याने काय शिकावं?

या आठवड्याचा व्हिडिओ बघून झाला असेल, तर हा लेख त्याची वही समजा. नसेल बघितला तरी हरकत नाही, इथूनच सुरुवात करा.

आधी एक प्रश्न. उद्या सकाळी तुम्हाला ताप आला आणि दहा दिवस अंथरुणातून उठता आलं नाही, तर तुमचं दुकान चालेल का?

माझं नव्हतं चाललं. ट्रेनर होण्याआधी पनवेल स्टेशनच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. मला डेंग्यू झाला आणि अकरा दिवस दुकान जवळजवळ बंद राहिलं. पोरगा होता कामाला, पण कुठल्या शाळेची कुठली ऑर्डर, कागद कोणाकडून आणायचा, उधारी कोणाकडे किती, हे सगळं माझ्या डोक्यात. तो बिचारा काय करणार? दोन शाळा त्या अकरा दिवसांत दुसरीकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

म्हणून आज क्रिकेटमधलं एक उदाहरण घेऊया.

पडेल ते काम करणारा खेळाडू

चंद्रकांत पंडित. मुंबईकर, आचरेकर सरांच्या तालमीतले. मूळचे विकेटकीपर. पण त्या काळात भारतीय संघात किरण मोरे कीपर होते. मग पंडित काय म्हणाले, 'माझी जागा भरलेली आहे, मी घरी बसतो'? नाही. १९८६ मध्ये लीड्सला ते पहिली टेस्ट खेळले ती बॅट्समन म्हणून. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या सेमी फायनलला दिलीप वेंगसरकर आजारी पडले, तेव्हा पंडित खेळले, तेही बॅट्समन म्हणूनच. २४ धावा केल्या. सामना मात्र भारत हरला.

एकूण ५ टेस्ट आणि ३६ वनडे. म्हणजे बघा, सुपरस्टार नाही. पण जिथे गरज, तिथे उभा राहणारा माणूस. आपल्यासारखाच! सकाळी शटर उघडणारे आपण, गिऱ्हाईक सांभाळणारे आपण, जीएसटीची बिलं जुळवणारेही आपणच.

सुरुवातीला हा गुण लागतोच. अडचण पुढे येते.

१९९९ ची जखम

कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात पंडित मध्य प्रदेशकडून खेळले, कॅप्टनही झाले. १९९८-९९ ची रणजी फायनल, बंगळुरू, समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशला ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना नुसता ड्रॉ केला असता तरी ट्रॉफी त्यांचीच होती. पण शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार पदरी पडली.

आता इथे थांबून विचार करा. कॅप्टन कितीही चांगला असला, तरी अकरा जणांच्या जागी तो एकटा खेळू शकत नाही. तुम्हीही नाही.

कोच म्हणून दुसरी इनिंग

पंडित कोच झाले. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीनदा रणजी जिंकून दिली. त्यानंतरच्या मोसमात मुंबई फायनलला गुजरातकडून हरली आणि पंडितांचं पद गेलं. एक फायनल हरली म्हणून!

ते नागपूरला गेले. विदर्भाने तोवर रणजीची एकही फायनल खेळलेली नव्हती. पहिल्याच मोसमात, १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भ चॅम्पियन झाला. फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली कोणी, तर रजनीश गुरबाणीने, म्हणजे इंजिनिअरिंग शिकलेल्या एका तरुण बॉलरने. पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉफी विदर्भाचीच.

मग मध्य प्रदेश. जून २०२२, रणजी फायनल. तेच बंगळुरू, तेच चिन्नास्वामी स्टेडियम, समोर मुंबई. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे नावाजलेले खेळाडू संघात नव्हते. तरी यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार अशा तिघांनी शतकं ठोकली. मध्य प्रदेश ६ विकेटनी जिंकला, राज्याची पहिली रणजी ट्रॉफी. २३ वर्षांपूर्वी ज्या मैदानावर कॅप्टन म्हणून हरले, तिथेच कोच म्हणून जिंकल्यावर पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या धंद्यासाठी तीन गोष्टी

१. स्टारवर नाही, पद्धतीवर चाला. मेन माणूस नसताना संघ जिंकला, कारण बाकीच्यांना आपापलं काम माहीत होतं. तुमचा मुख्य कारागीर गावी गेला की ऑर्डर थांबते का? मग त्याचं काम शिकणारा दुसरा माणूस आजच तयार करायला घ्या.

२. सगळी कामं येतात, ती शिकवण्यासाठी वापरा. पंडितांनी कीपिंग केली, बॅटिंग केली, कॅप्टनशिपही केली, त्यामुळे कोणाचं काय अडतंय हे त्यांना कळतं. तुम्हालाही प्रत्येक काम येतं, ही तुमची ताकद आहे. पण पोराच्या हातातून काम काढून घेऊन स्वतः करणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्याला करू द्या, एकदा चुकू द्या, बाजूला उभे राहा.

३. शिस्त माणूस बघून लावा. पंडित कडक शिस्तीचे म्हणून ओळखले जातात. रणजीत ते चाललं. आयपीएलमध्ये कोलकात्याचे कोच असताना काही परदेशी खेळाडूंना ही शिस्त जड गेली, असं त्यांच्यातल्याच एकाने जाहीर बोलून दाखवलं. २०२४ ला कोलकाता जिंकलं, त्यात मेंटॉर गौतम गंभीर यांचाही वाटा होता. म्हणजे काय, तर अठरा वर्षांच्या हेल्परला आणि वीस वर्षं काम केलेल्या कारागिराला एकाच आवाजात बोलू नका. वेळेचा नियम सगळ्यांना सारखा, बोलण्याची पद्धत वेगळी.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. दिवसभरात तुम्ही जी कामं करता ती सगळी लिहा. प्रत्येकापुढे लिहा: 'हे माझ्याशिवाय कोणाला येतं?' जिथे उत्तर 'कोणालाच नाही' असेल, तिथे लाल खूण करा. त्यातलं एकच काम निवडा आणि पंधरा दिवसांत एका माणसाला शिकवा. फक्त एक. मग एक अख्खा दिवस दुकानात जाऊ नका. फोनही करू नका!

संध्याकाळी काय अडलं ते विचारा. जे अडलं, तोच तुमचा पुढचा धडा.

माझ्या अकरा दिवसांची किंमत दोन शाळा होती. तुमच्यावर ती वेळ येण्याआधी वही उघडा. किती लाल खुणा निघाल्या, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात!