हेलसिंकी ते टोकियो : अंतर आणि प्रवासाचा वेळ

पृथ्वी गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती कल्पिलेल्या पूर्ण वर्तुळाचा, एक भाग असतो आणि सपाट नकाशावर तो बहुधा वक्र दिसतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकियो यांच्यातील असा मार्ग उत्तरेकडे झुकून मुख्यतः रशियावरून जातो व त्याची लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर भरते.

प्रवासाचा वेळ मात्र केवळ या अंतरावर अवलंबून नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आपले हवाई क्षेत्र, म्हणजे देशाच्या भूमीवरील व सागरी हद्दीवरील आकाश, बंद केले. त्यामुळे फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीच्या विमानांना उत्तर ध्रुवाकडून किंवा मध्य आशियाकडून वळसा घालावा लागला आणि साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.

याशिवाय मध्य अक्षांशांत सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला साहाय्य करतात व उलट दिशेने येणाऱ्याला अडवतात. तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक प्रमाणवेळेनुसार असतात. हिवाळ्यात टोकियो हेलसिंकीच्या सात तास पुढे असते. म्हणून टोकियोला जाताना प्रत्यक्ष उड्डाणकाल काढायचा तर प्रवाशाने निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांमधील अंतरातून हा फरक अवश्य वजा करावा.