ज्ञानोदय
अमेरिकन मराठी मिशनचे मराठी नियतकालिक. जून १८४२ मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ते निघाले. काही वर्षांत मुंबईस हलविण्यात आले. इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मवाद छापील पुस्तिकांतून लढले गेले, तसेच येथेही घडले. हिंदू धर्मावरील ज्ञानोदयाच्या टीकेत उपहास पुष्कळ असे. प्रतिपक्षानेही छापखान्याचाच आश्रय घेतला : मोरभट दांडेकर यांनी १८४४ मध्ये उपदेशचंद्रिका हे मासिक काढले. या खंडनमंडनाहून अधिक मोलाचा मजकूर मात्र ज्ञानोदयाने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये छापला. तो म्हणजे जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता, असे तिने त्यात देवालाच विचारले आहे.