‘छान आहे’च्या पुढे

दाद आणि अभिप्राय: ‘वा, मस्त!’ ही दाद. ‘वारकऱ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं’ हा अभिप्राय.

‘फोटो हललाय’ म्हणजे काय? नाव एक, दोष तीन.
• सगळी चौकट एकाच दिशेला ओघळलेली: हात हलला.
• मागचं देऊळ स्पष्ट, धावणारं पोरच तेवढं पुसट: शटरचा वेग कमी पडला.
• कान स्पष्ट, डोळे पुसट: फोकस चुकला.
हातात धरलेल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याला २०० मिमी लेन्स असेल, तर शटर निदान १/२०० सेकंद, हा जुना ढोबळ ठोकताळा. पळत्या पोराला तोही पुरेलच असं नाही.

नंतर सुधारणारं, न सुधारणारं: तिरकं क्षितिज सरळ होतं, पिवळी झाक जाते. जेपेगमध्ये पार पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही. रॉमध्ये सुधारायला वाव जास्त: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४.

तृतीयांशाचा नियम: चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता त्या रेषांवर ठेवायची. अभिप्रायात हमखास येणारा. जॉन थॉमस स्मिथ यांच्या १७९७च्या पुस्तकात तो निसर्गचित्रांसाठी सांगितला आहे. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली!

फोटो दाखवताना: काय टिपायचं होतं आणि कशाबद्दल ऐकायचंय, हे आधी सांगावं. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओचे आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदलेले असतात, ते वेगळे सांगायला नकोत.

मंडळं: असा अभिप्राय मिळण्याची जुनी जागा. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची, मुंबईची १८५४ची.