ऐपत, सोबत आणि प्रवास

रमजानमध्ये केलेल्या उमराहचे पुण्य हजइतके असते, असे हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे हा महिना जवळ आला की अनेक घरांतल्या ज्येष्ठांना मक्का-मदिनेची ओढ लागते. काहींच्या बॅगा भरल्या जातात. बहुतेकांची ओढ मनातच राहते.

पवित्र कुरआनने हज फर्ज केला, तो तेथवर जाण्याचे सामर्थ्य असणाऱ्यांवरच. या सामर्थ्यात जाण्यायेण्याचा खर्च येतो, तशीच मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटापाण्याची तरतूद, प्रकृती आणि सुरक्षित वाटही येते. उतारवयातला प्रवास मक्केचा असो, पंढरपूरचा असो की लेकीच्या गावचा, हिशेब हाच असतो.

हज समितीमार्फत गेले तरी माणशी तीन लाखांच्या पुढे खर्च येतो. २०१८ मध्ये हजचे सरकारी अनुदानही बंद झाले. पेन्शन घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाला हे कसेबसे जमते. यंत्रमागावर किंवा हातगाडीवर आयुष्य काढलेल्याला पेन्शन नसते. त्याने हजसाठी बाजूला टाकलेले पैसे लेकीच्या लग्नात, नाहीतर दवाखान्यात जातात.

पैसे असले तरी सोबत लागते. पूर्वी महरम, म्हणजे पती किंवा जवळचा नातलग पुरुष सोबत असल्याशिवाय महिलांना भारतातून हजला जाता येत नसे. २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना किमान चौघींच्या गटाने जाण्याची मुभा मिळाली. कितीतरी विधवा आणि एकट्या महिलांची वाट या एका नियमाने मोकळी झाली.

जवळच्या प्रवासातही तेच दिसते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटी मोफत झाली. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट आहे, तर मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना निम्मे भाडे पडते. त्यामुळे मुलाकडे पैसे न मागता उरुसाला, जत्रेला, नात्यातल्या लग्नाला जाणे सोपे झाले. याउलट रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हा अजमेर काय आणि काशी काय, दोन्ही लांब गेली.

इस्लामने प्रवाशाची अडचण ओळखली आहे. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे आणि जकातीच्या आठ हकदारांत वाटेत अडलेला मुसाफिरही आहे. मात्र घरातच अडलेल्या मुसाफिराकडे आपले लक्ष जात नाही.

ईदच्या खरेदीला निघताना घरातल्या आजीला एकदा विचारावे, "तुम्हाला कुठे जायचंय?" उत्तर मक्का असेलच असे नाही. कदाचित ते एसटीने दोन तासांवर असलेले, कित्येक वर्षांत न पाहिलेले माहेर असेल. तिकीट तर मोफत आहे. स्टँडवर हात धरून गाडीत चढवणारे कुणीतरी हवे.