रंगवलेले केस पुन्हा काळे करताना

उन्हाळ्याची सुटी आणि लग्नसराई एकदमच येतात. नागपूरला मामाकडे गेलेला मुलगा सीताबर्डीत जाऊन दोन-चार बटा सोनेरी करून येतो. पुढे शाळा उघडते आणि गुरुजी बजावतात, "उद्या केस काळे करून ये!" मुलगा स्वस्तातली काळी पुडी आणतो आणि रातोरात डोक्याला फासतो. धोका आहे तो या घाईत.

केसाचा रंग हा भिंतीच्या रंगासारखा वरवरचा नसतो. केसाच्या आत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते आणि वर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले खवले. केस सोनेरी करताना अमोनियासारख्या द्रव्याने ही कौले उचलली जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आतले रंगद्रव्य नाहीसे करते. बट आतून रिती होते. अशी बट नवा रंग अधाशासारखी शोषते आणि तितक्याच लवकर सोडते. शिवाय तिच्यातली मूळची तांबूस झाक गेलेली असल्याने वरचा तपकिरी रंग कधी कधी हिरवट दिसतो. म्हणून जाणता कारागीर आधी तांबूस रंगाचे अस्तर देतो, मग एक छटा फिका असा रंग चढवतो. आणि हे सारे आधी एकाच बटेवर करून पाहतो.

आता पुडीविषयी. पॅरिसच्या यूजेन श्यूलेर या रसायनज्ञाने 1907 साली केसांचा कृत्रिम रंग तयार केला. आजच्या पुष्कळ काळ्या रंगांत पॅराफेनिलिनडायामाइन हे द्रव्य असते. ते सर्वांनाच बाधते असे नाही. पण ज्याला बाधते त्याच्या डोक्याला खाज सुटते, पापण्या सुजतात, फोड येतात. एकदा बाधले की पुढच्या खेपेस त्रास बहुधा वाढतोच. बाजारात मिळणाऱ्या "काळ्या मेंदीत"ही पुष्कळदा हेच असते. म्हणून कालवलेला रंग थोडासा कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी. आग झाली, पुरळ उठले, तर तो रंग वापरूच नये. भुवया-पापण्यांना तर कधीच लावू नये. दृष्टी जाण्याची भीती असते. पुडी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. ती पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

मेंदीचे काय, असे कोणी विचारील. शुद्ध मेंदी सौम्य खरी. पण सोनेरी बटेवर ती भडक नारिंगी चढते. तिच्यावर निळीच्या झाडाचा पाला लावला तर केस काळपट होतात. ही नीळ म्हणजे कपड्यांची नीळ नव्हे बरे का!

आणि सर्वांत निर्धोक उपाय बिनपैशाचा आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. मुलाचे केस आखूड असतील तर दोन-तीन वेळा न्हाव्याकडे गेले की सोनेरी टोके आपोआप जातात. युरोपात तर अशा रंगांच्या डब्यावर "16 वर्षांखालील मुलांसाठी नाही" असे छापावेच लागते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, शिस्त हवीच. पण "उद्या" म्हणू नका. कानामागची परीक्षाच दोन दिवसांची आहे. आणि कात्रीला अवधी दिलात, तर त्या परीक्षेचीही गरज नाही.