पांडवलेणीचे पॉवेलाइट आणि गैरहजर गंधक

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाला 'मॉली ग्रीस' काय असते हे सांगावे लागत नाही. डब्याचे झाकण उघडले की आत काळपट राखाडी, चकचकीत वंगण. बोटाला लागले तर साबणानेही सहज जात नाही. जिथे दाब प्रचंड आणि साधे तेल पिळून बाहेर फेकले जाते, तिथे हे वंगण टिकून राहते. त्याचा काळा रंग मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पुडीचा. एका मॉलिब्डेनम अणूमागे गंधकाचे दोन, असे हे संयुग निसर्गात तयारच सापडते, आणि त्या खनिजाला मॉलिब्डेनाइट म्हणतात.

त्याच माळेगाव वसाहतीत के. सी. पांडे यांनी २००१ साली उभारलेले 'गारगोटी' संग्रहालय आहे. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटातून निघालेले झिओलाइट, अपोफिलाइट, निळेशार कॅव्हॅन्साइट पाहायला लांबून लोक येतात. मात्र मला इथे सांगायची आहे ती नाशिक जिल्ह्याच्या एका पिवळ्या स्फटिकाची गोष्ट. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या दगडखाणीतून निघालेले पॉवेलाइट. ग्रीसच्या डब्यातला धातू आणि या स्फटिकातला धातू एकच आहे, मॉलिब्डेनम. तिथे तो गंधकाला बिलगून काळा, मऊ आणि निसरडा झाला. इथे ऑक्सिजन आणि कॅल्शियमच्या संगतीत पारदर्शक, मधाळ आणि जड.

आधी त्या काळ्या भावंडाची ओळख. मॉलिब्डेनाइटची चमक अस्सल धातूची, रंग शिशासारखा. कठिनता इतकी कमी (१ ते १.५) की नखाने ओरखडा उठतो. कागदावर घासले तर निळसर राखाडी रेघ उमटते. म्हणूनच शतकानुशतके लोक त्याला कधी शिसे समजले, कधी ग्रॅफाइट. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७७८ मध्ये या दोहोंपासून ते वेगळे काढले आणि काही वर्षांतच पीटर याकोब येल्म यांनी त्यातून नवा धातू मिळवला. ग्रॅफाइटपासून ते ओळखण्याची एक जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते: झिलई असलेल्या चिनी मातीवर घासा. मॉलिब्डेनाइटचा कस तिथे हिरवट दिसतो, ग्रॅफाइटचा राखाडीच राहतो. शिवाय हातात घेतल्यावर वजनच बोलते. ग्रॅफाइटचे विशिष्ट गुरुत्व सव्वादोनच्या आसपास, याचे त्याच्या दुपटीहून अधिक.

निसरडेपणाचे कारण अणूंच्या रचनेत आहे. मॉलिब्डेनमचा एक थर, त्याच्या वर-खाली गंधकाचे थर, असा तीन पदरी पापुद्रा. पापुद्र्याच्या आतले बंध घट्ट, पण दोन पापुद्र्यांमधली ओढ अगदी क्षीण. त्यामुळे पत्त्यांचा कॅट हाताखाली सरकावा तसे हे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. ते एकावर एक कसे रचले जातात त्यावरून याचे दोन प्रकार होतात, एक षट्कोणी आणि एक त्रिकोणी सममितीचा. डोळ्यांना त्यांत फरक दिसत नाही, तो क्ष-किरणांनाच कळतो.

याच घरातले खरोखर दुर्मीळ सल्फाइड म्हणजे रेनिआइट. रेनियम हा धातू १९२५ मध्ये सापडला. पृथ्वीच्या कवचात तो इतका विरळ की बहुतेक वेळा तो स्वतःचे खनिज करतच नाही, मॉलिब्डेनाइटमध्ये चोरपावलांनी शिरून राहतो. रेनियम आणि गंधक यांचे शुद्ध खनिज मिळाले ते कुरील बेटांवरच्या कुद्र्यावी ज्वालामुखीच्या तप्त वायुमुखांपाशी. त्याची वार्ता १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्यांदा हाती आलेले नमुने मॉलिब्डेनाइटच वाटले होते! काळी चमक, मऊ पत्रे, सगळे तसेच. फरक रासायनिक विश्लेषणाने दाखवला. खनिजशास्त्रात चेहऱ्यावर विश्वास ठेवून चालत नाही, ते असे.

म्हणून वर्गीकरणाचा पाया रसायनाचा. एकोणिसाव्या शतकात बर्झेलियस यांनी आग्रह धरला की खनिजाचा वर्ग त्यातल्या धातूवरून ठरवू नये, धातूचा जोडीदार कोण त्यावरून ठरवावा. पुढे डेना यांची पद्धत आणि १९४१ पासूनची स्ट्रुन्झ यांची पद्धत याच वाटेने गेल्या. स्ट्रुन्झ यांच्या मांडणीत सल्फाइडे दुसऱ्या वर्गात बसतात, फ्लोराइटसारखी हॅलाइडे तिसऱ्यात, मॉलिब्डेटे सल्फेटांसोबत सातव्यात आणि झिओलाइटांसह सगळी सिलिकेटे नवव्यात. मॉलिब्डेनाइट दुसऱ्यात आणि पॉवेलाइट सातव्यात. धातू एक असूनही त्यांची घरे वेगळी. मला हा नियम फार पटतो, कारण जोडीदार बदलला की गुणधर्म मुळापासून बदलतात, हे या दोन खनिजांइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

पॉवेलाइटचे नाव अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांच्यावरून १८९१ मध्ये पडले. पहिला नमुना आयडाहोच्या एका खाणीतला. तिथे आणि इतरत्रही ते बहुधा मॉलिब्डेनाइट कुजून तयार होते: हवा-पाण्याने गंधक निघून जाते, उरलेल्या मॉलिब्डेनमला कॅल्शियम भेटते आणि जुन्या काळ्या पत्र्यांच्या जागी मातकट पिवळा थर बसतो. नाशिकचे स्फटिक निघेपर्यंत पॉवेलाइट म्हणजे बहुतांशी असले बारीक, ओबडधोबड काहीतरी होते. नाशिकचे स्फटिक कित्येक सेंटीमीटरचे, धारदार कडांचे, चौकोनी पायाचे दोन पिरॅमिड पायाला पाय लावून जोडावेत अशा घडणीचे. रुस्तम कोठावाला यांनी १९८२ मध्ये 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकी नियतकालिकात या शोधावर लेख लिहिला आणि जगभरच्या संग्रहालयांचे डोळे नाशिककडे वळले.

हा स्फटिक जवळून पाहावा. बहुधा तो पांढऱ्या अपोफिलाइटच्या किंवा गुलाबी स्टिल्बाइटच्या अंगावर बसलेला असतो. पिवळ्या कॅल्साइटशी गल्लत होऊ शकते, पण कॅल्साइट तिरक्या समचतुष्कोनांत फुटते; पॉवेलाइटचे पाटन तसे नाही. सोबतच्या झिओलाइटाच्या जवळजवळ दुप्पट वजन त्याच आकारात भरते. चाकूने ओरखडा उठतो, कारण कठिनता साडेतीन ते चार. आणि अंधारात त्यावर आखूड लहरींचा अतिनील दिवा धरला की सायीच्या रंगाकडे झुकणारा पिवळा उजेड त्यातून येतो. त्याचे टंगस्टनवाले भावंड शीलाइट याच दिव्याखाली निळसर पांढरे दिसते, आणि त्यात मॉलिब्डेनम मिसळत गेले की पिवळ्याकडे कलते.

आता मुख्य प्रश्न. पांडवलेणीच्या आसपास मॉलिब्डेनाइटची खाण नाही, त्याची शीर नाही. मग कुजायला सल्फाइड नसताना पॉवेलाइट आले कुठून?

उत्तर दगडातच आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचे मंदिर ज्या काळ्या पाषाणातून यादवांच्या काळात उभे राहिले, तोच हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आजही तो जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो दगड अशाच भरलेल्या पोकळ्यांचा. नंतर पुष्कळ काळ कोमट-गरम पाणी या थरांतून झिरपत राहिले. बेसाल्टमध्ये मॉलिब्डेनम असतेच, पण दहा लाख भागांत एखादा भाग. पाण्याने ते कणाकणाने धुऊन काढले. ऑक्सिजनशी जोडलेले मॉलिब्डेनम पाण्यात सहज विरघळून प्रवास करते, आणि कॅल्शियम तर या दगडात मुबलक. योग्य पोकळीत दोघांची गाठ पडली आणि अपोफिलाइटच्या शेजारी पॉवेलाइट थेट पाण्यातूनच स्फटिकले. सल्फाइडची पायरी त्याला लागली नाही.

ती पायरी का लागली नाही, हे सैबेरियाकडे पाहिले की उमगते. तिथेही असेच लाव्हाचे अफाट थर आहेत, आपल्याहून बरेच जुने, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. नोरिल्स्क-तालनाख भागात वर चढणारा शिलारस वाटेत गंधकयुक्त गाळाच्या खडकांतून गेला, त्याने ते गंधक पचवले आणि जड सल्फाइड द्रव वेगळा होऊन तळाशी साचला. निकेल, तांबे, पॅलेडियम असे सगळे त्याने ओढून घेतले. जगातल्या सर्वांत मोठ्या निकेल साठ्यांपैकी एक तिथे आहे, आणि तालनाखाइट हे तांबे-लोखंडाचे दुर्मीळ सल्फाइडही त्याच गावाच्या नावाचे. दख्खनच्या लाव्हातही गंधक होते, पण त्यातले पुष्कळसे वायू होऊन आभाळात गेले. आपल्या दगडात पायराइट, चाल्कोपायराइट भेटतात ते बारीक कणांच्या रूपाने. नोरिल्स्कसारखा साठा इथे माहीत नाही. खाणकंपनीच्या दृष्टीने हे दुर्दैव असेल. मला मात्र आपल्या वाट्याला आले ते कमी मोलाचे वाटत नाही: गंधकाची गर्दी नव्हती, म्हणून पोकळ्यांत सिलिकेटे, पॉवेलाइट आणि जगभरच्या संग्राहकांत 'महोदरी' नावाने ओळखले जाणारे पिवळे गोलाकार फ्लोराइट निवांत वाढू शकले.

हे सारे आपल्याला मिळते ते खडीच्या धंद्यातून. सुरुंग लागतो, पोकळी उघडी पडते आणि दगड क्रशरकडे जाण्याआधी कोणी तरी वाकून पाहिले तर स्फटिक वाचतो. बऱ्याचदा वाचलेला स्फटिक हातोहात विकला जातो आणि कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला, शेजारी काय होते ही माहिती वाटेत गळते. पत्ता हरवलेला नमुना शोभेचा राहतो, अभ्यासाचा राहत नाही. पॉवेलाइट सल्फाइडपासून आले की थेट पाण्यातून, हा निकाल शेजारच्या अपोफिलाइटवाचून लागलाच नसता.

म्हणून सिन्नर-नाशिक परिसरातल्या खाणमालकांना, खाणीवर काम करणाऱ्यांना आणि महाविद्यालयांतल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे. पोकळी उघडली की स्फटिक काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या, नमुन्यासोबत खाणीचे नाव, तारीख आणि जमिनीपासूनची खोली लिहिलेली चिठ्ठी बांधा, आणि प्रत्येक खाणीतला किमान एक नमुना जवळच्या महाविद्यालयात पोहोचवा.