दारिद्र्य आणि शरीराची ताणयंत्रणा

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास सावेडीच्या पूर्वेकडील पाथर्डी-शेवगाव तालुक्यांतील अनेक कुटुंबे मुलांसह ऊसतोडणीस जातात. संकट जाणवताच मेंदूच्या इशाऱ्याने मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. रक्तातील साखर व रक्तदाब वाढतात. संकट सरल्यावर हे सारे ओसरावयास हवे. परंतु अर्धपोटी निजणे, कोपीतील थंडी, घरात उचलीच्या फेडीची धास्ती हे नित्याचेच झाले, तर वाढत्या वयातील ही यंत्रणा कोणाची सदैव ताणलेली राहते, कोणाची मंदावते. पुढे मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा रुग्णास केवळ ‘पथ्य पाळा’ म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. मायेच्या माणसाचा सहवास बालकाचा ताण पुष्कळ सौम्य करतो. म्हणून आजारी बालकाजवळ आईच्या राहण्याची सोय आम्ही उपचारातच धरतो.